सवलत की हक्क?



डहाणू-तलासरीच्या भागात रानाशी, वाडीशी आणि विहिरीशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांना 'सवलत' आणि 'हक्क' या दोन शब्दांतला फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही. सवलत म्हणजे कोणीतरी दिलेली गोष्ट. ती देणाऱ्याच्या मर्जीने चालते. हक्क म्हणजे आपली गोष्ट. तिथे कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. मात्र सवलत चालू असते तोवर ती हुबेहूब हक्कासारखी दिसते. सवलतीनेही मोळी घरी येते आणि हक्कानेही येते. फरक कळतो तो देणाऱ्याने हात आखडता घेतला म्हणजे.

आज मी ज्या घटनेविषयी बोलणार आहे, ती घडली अमेरिकेत, २०२३ सालच्या जानेवारी महिन्यात, आणि तीही एका खेळाच्या बाबतीत. तुम्ही म्हणाल, "मास्तर, आमच्याकडे कामाच्या गोष्टी थोड्या आहेत का, की तुम्ही खेळाचं घेऊन बसलात?" पण त्या खेळाच्या आधारावर शेकडो माणसांनी आपला पोटापाण्याचा उद्योग उभा केला होता. ज्या कागदाच्या भरवशावर तो उभा होता, तो कागदच आता चालणार नाही, असे मालक म्हणू लागला. हा प्रश्न आपल्या वारली चित्रकाराला, शाळेसाठी गाणी आणि गोष्टी रचणाऱ्या शिक्षकाला आज ना उद्या पडणारच आहे. म्हणून ही दूरची हकिगत जवळची आहे.

आधी हा खेळ कसा असतो ते सांगतो. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. गावातलीच माणसे देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून सोंगे घेतात. या अमेरिकन खेळात मुखवटे नाहीत, नाचणे नाही. पण सोंग आहे. चारपाच जण एका टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट चालवतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. गोष्ट चालवणारा म्हणतो, "तुम्ही एका अंधाऱ्या भुयाराच्या तोंडाशी उभे आहात. आतून गुरगुरण्याचा आवाज येतो आहे. काय करता?" जो तो आपापल्या पात्राला शोभेल असे उत्तर देतो. बेत साधला की फसला, हे फासा टाकून ठरते. आपल्या सारीपाटाच्या फाशाला चार बाजू. यांच्या मुख्य फाशाला वीस. पटावर सोंगटी घरी पोचली की सारीपाट संपतो. हा खेळ मात्र महिनोन्‌महिने चालतो, कारण त्यात जिंकणे-हरणे गौण असते आणि पुढे काय झाले हे महत्त्वाचे असते.

अशा खेळांपैकी पहिला आणि सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ साली टीएसआर नावाच्या छोट्या कंपनीमार्फत तो बाजारात आला. १९९७ साली ती कंपनी 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, आणि १९९९ साली त्या कंपनीलाही 'हॅस्ब्रो' या खेळण्यांच्या बड्या कंपनीने घेतले. लहान माशाला मोठ्याने आणि मोठ्याला त्याहून मोठ्याने गिळावे, तसा हा व्यवहार झाला.

आता या खेळाची एक गंमत लक्षात घ्या. नियमांचे पुस्तक एकदा घेतले की वर्षानुवर्षे पुरते. पण गोष्ट मात्र दर काही आठवड्यांनी नवी लागते. नवा प्रदेश, नवे राक्षस, नवी कोडी लागतात. हे सगळे एकट्या कंपनीला पुरवता येणे शक्य नाही, आणि त्यात तिला फारसा फायदाही नाही. म्हणून २००० साली कंपनीने एक वेगळाच निर्णय घेतला. रायन डॅन्सी हे त्या वेळी कंपनीचे एक अधिकारी होते. संगणकाच्या जगात काही मंडळी आपापल्या आज्ञावली सर्वांना मोकळ्या करून देत होती. घ्या, बदला, वाटा, फक्त पुढच्यालाही तशीच मोकळीक द्या, असे सांगत होती. डॅन्सी यांनी ती कल्पना खेळात आणली. कंपनीने खेळाच्या नियमांचा मुख्य गाभा मोकळा केला आणि त्यासोबत 'ओपन गेम लायसन्स' म्हणजे खुला परवाना प्रसिद्ध केला. त्यातले मुख्य म्हणणे सरळ होते. हा गाभा कोणीही वापरावा, त्यावर आपली पुस्तके रचावी, छापावी, विकावी. आम्हांला पैसा द्यायला नको, विचारायला यायला नको. परवाना जगभर चालेल आणि तो कायमचा आहे.

हा काही दानधर्म नव्हता. चैत्रात आपल्याकडे महालक्ष्मीची यात्रा भरते. समजा, एखाद्या जागेच्या मालकाने सांगितले की माझ्या जागेत कोणीही दुकान मांडावे, भाडे घेणार नाही. त्यात त्याचा तोटा आहे का? दुकाने वाढली की माणसे वाढतात, आणि मालकाचे स्वतःचे मोठे दुकान तिथेच असेल तर गर्दी शेवटी त्याच्याही दारात येते. इतरांनी गोष्टींची पुस्तके काढली तरी ती खेळायला नियमांचे मूळ पुस्तक लागणार, आणि ते कंपनीचेच खपणार, असा हा हिशेब होता. हिशेब चोख होता आणि दोघांच्याही फायद्याचा होता.

मग दुकाने लागली. कोणी घरच्या घरी पंधरा-वीस पानांची पुस्तिका काढली, तर कोणी मोठी प्रकाशनसंस्था उभारली. लेखक, चित्रकार, नकाशे काढणारे, छापणारे, अशा अनेकांचा चरितार्थ त्यावर चालू लागला. २००८ साली कंपनीने खेळाची चौथी आवृत्ती काढली आणि तिच्यासाठी नवा, पुष्कळच आवळलेला परवाना आणला. पुष्कळ प्रकाशकांना तो पटला नाही. पण जुना गाभा आणि जुना परवाना जागच्या जागी होते. 'पायझो' नावाच्या प्रकाशनसंस्थेने त्यांच्याच आधारावर 'पाथफाइंडर' हा स्वतःचा खेळ २००९ साली काढला आणि तो मूळ खेळाचा तगडा प्रतिस्पर्धी ठरला. पुढे २०१४ साली मूळ खेळाची पाचवी आवृत्ती आली आणि २०१६ साली तिचाही गाभा जुन्याच खुल्या परवान्याखाली मोकळा झाला. खेळ पुन्हा जोरात चालू लागला, आणि सोबतची दुकानेही.

अशी वीस-बावीस वर्षे गेली. २०२२ सालच्या डिसेंबरात कंपनीच्या वरिष्ठांनी गुंतवणूकदारांपुढे बोलताना सांगितले की या खेळातून जेवढा पैसा मिळायला हवा तेवढा आम्ही मिळवत नाही. आणि २०२३ च्या ५ जानेवारीला एका अमेरिकन वार्ताहराने नव्या परवान्याचा फुटलेला मसुदा लोकांसमोर आणला. त्यात काय होते ते ऐका. वर्षाला ५०,००० डॉलरच्या वर, म्हणजे त्या वेळच्या भावाने चाळीस लाख रुपयांच्या वर, ज्याची विक्री होईल त्याने कंपनीला हिशेब सादर करावा. विक्री ७,५०,००० डॉलरच्या पुढे गेली, म्हणजे सुमारे सहा कोटी रुपयांच्या पुढे, तर त्या वरच्या रकमेवर शेकडा २५ पर्यंत कंपनीला द्यावे. लक्षात घ्या, नफ्यावर नव्हे, विक्रीवर. दुकानदारीतल्या कोणालाही विचारा, कागद, छपाई, चित्रकाराचे मानधन आणि टपाल वजा जाता शंभरातले पंचवीस हाती राहतात का? शिवाय तीस दिवसांची सूचना देऊन कंपनी परवान्याच्या अटी बदलू शकेल, हेही होतेच.

या मसुद्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य मात्र पैशाबद्दल नव्हते. जुना परवाना यापुढे 'अधिकृत' राहणार नाही, एवढेच ते म्हणत होते.

श्रोतेहो, हा सगळा तंटा एका शब्दावर आला. जुन्या परवान्यात लिहिले होते की कंपनी परवान्याच्या नव्या आवृत्त्या काढू शकेल आणि लोकांनी त्यांपैकी कोणतीही अधिकृत आवृत्ती वापरावी. २००० साली सर्वांनी याचा अर्थ असा घेतला की नवी आवृत्ती आवडली नाही तर जुनी आहेच. कंपनीने स्वतःच्या खुलाशातही पूर्वी तसेच सांगितले होते. आता बावीस वर्षांनी कंपनी म्हणाली, "कोणती आवृत्ती अधिकृत, ते आम्ही ठरवणार. जुनी आता अधिकृत नाही."

आणि 'कायमचा' या शब्दाचे काय झाले? इथे जरा विहिरीचे उदाहरण घेऊ. शेजाऱ्याने सांगितले, "आमच्या विहिरीचं पाणी भरा, मुदत नाही." तुम्ही त्या भरवशावर चिकूची कलमे लावली. कलमे मोठी झाली, फळ धरू लागली, आणि शेजारी म्हणाला, "मी मुदत नाही म्हणालो होतो, कधीच बंद करणार नाही असं कुठं म्हणालो?" ऐकणाऱ्याला ही निव्वळ मखलाशी वाटेल. पण कायद्याच्या भाषेत या खरोखर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'कायमचा' म्हणजे संपण्याची तारीख नाही. 'मागे न घेता येणारा' म्हणजे देणाऱ्यालाही तो मोडता येत नाही. जुन्या परवान्यात पहिला शब्द होता, दुसरा नव्हता. ज्यांनी परवाना रचला त्या डॅन्सी यांनी जाहीरपणे सांगितले की तो मागे घेता यावा असा आमचा हेतू कधीच नव्हता. पण हेतू मनात असतो आणि भांडण कागदावरून होते.

याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. त्याच नव्या मसुद्यात कंपनीने आणखी एक अट घातली होती. तुम्ही आमच्या खेळासाठी जे काही रचाल, ते कोणत्याही कामासाठी, फुकट वापरण्याची परवानगी तुम्ही आम्हांला द्यावी, आणि ती परवानगी कायमची आणि मागे न घेता येणारी असावी! म्हणजे स्वतःला घ्यायचे होते तेव्हा हा शब्द कंपनीला बरोबर आठवला. लोकांना दिलेल्या कागदात जो शब्द नव्हता, तो लोकांकडून घ्यायच्या कागदात ठळक होता.

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तो एकतर्फी न्याय होईल. खेळ तिच्या मालकीचा आहे. तिचे म्हणणे असे की दुसऱ्या बड्या कंपन्यांनी आपल्या खेळावर फुकटात गबर होऊ नये, आणि द्वेष पसरवणारा मजकूर आपल्या खेळाच्या आधाराने निघू नये. फुटलेला कागद म्हणजे केवळ मसुदा, असेही ती म्हणाली. यातल्या पहिल्या दोन चिंता खोट्या होत्या असे मी म्हणणार नाही. पुढच्या आवृत्तीसाठी तिने नव्या अटी घातल्या असत्या तर कोणाला फार बोलता आले नसते. २००८ साली तिने तेच केले होते. पण मागे दिलेला शब्द मागच्या तारखेपासून पुसायचा, ज्यांनी त्या शब्दावर घरे बांधली त्यांच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची, हे लोकांना सोसवले नाही.

मग लोकांनी काय केले? कोणी कोर्टात गेले नाही. जुना परवाना खरोखर रद्द करता येतो की नाही, यावर न्यायालयाचा निकाल झालाच नाही. हजारो खेळणाऱ्यांनी आणि प्रकाशकांनी एका खुल्या पत्रावर सह्या केल्या. पुष्कळांनी कंपनीच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी बंद केली. १२ जानेवारीला पायझोने जाहीर केले की आम्ही कोणत्याही एका कंपनीच्या हातात नसलेला नवा खुला परवाना तयार करवून घेतो, आणि इतर अनेक प्रकाशक त्यात सामील झाले. कंपनीने १९ जानेवारीला सुधारलेला मसुदा पुढे ठेवला आणि लोकांची मते मागवली. १५,००० हून अधिक उत्तरे आली. त्यांतल्या शेकडा ८८ जणांनी सांगितले की या नव्या परवान्याखाली आम्ही काही प्रसिद्ध करू इच्छित नाही. शेकडा ८९ जण जुना परवाना रद्द करण्यावर नाराज होते.

२७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुना परवाना आहे तसाच राहील, असे तिने सांगितले. तेवढ्यावर न थांबता पाचव्या आवृत्तीचा सुमारे ४०० पानांचा गाभा तिने 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या परवान्याखाली मोकळा केला. क्रिएटिव्ह कॉमन्स ही ना-नफा संस्था २००१ साली स्थापन झाली आणि तिचे परवाने जगभर पुस्तके, चित्रे, गाणी मोकळी करण्यासाठी वापरले जातात. कंपनीने निवडलेल्या परवान्यात अट एकच: मूळ कर्त्याचे नाव द्या. आणि त्यात तो दुसरा शब्द स्पष्ट लिहिला आहे, की हा परवाना मागे घेता येत नाही. परवान्याचा मजकूरही कंपनीच्या हातचा नाही, बाहेरच्या संस्थेचा आहे. पुढे २०२५ सालच्या एप्रिलमध्ये खेळाच्या नव्या नियमांचा गाभाही कंपनीने याच परवान्याखाली दिला.

पण एक गोष्ट परत आली नाही, ती म्हणजे विश्वास. काही प्रकाशकांनी त्या महिन्याभरात ठरवले की आता दुसऱ्याच्या पायावर घर नको, आणि स्वतःचे वेगळे खेळ रचायला घेतले. पायझोने करवून घेतलेला परवाना २०२३ सालच्या जूनमध्ये पुरा झाला. तो कोणत्याही खेळ-कंपनीच्या मालकीचा नाही आणि तोही मागे घेता येत नाही. बावीस वर्षांत कमावलेला भरवसा तीन आठवड्यांत गेला.

आता आपण आपल्या भागाकडे येऊ.

रानाच्या बाबतीत आपल्या लोकांनी हा धडा फार महागात शिकलेला आहे. १९२७ च्या वन कायद्याखाली राखीव जंगलात बहुतेक गोष्टींना मुळातच मनाई असते. जे काही चालते ते कोणी परवानगी दिली म्हणून चालते. मोहाची फुले, गवत, सरपण हे पिढ्यान्‌पिढ्या आणणाऱ्या माणसाच्या वाट्याला अशा रीतीने मर्जीची सवलत आली. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने जो पालट केला, तो केवळ जास्त सवलती देण्याचा नव्हता. त्याने 'हक्क' हा शब्द वापरला. गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क त्याने मान्य केला. 'दिला' असे न म्हणता 'मान्य केला' म्हणतात, कारण जो आधीपासून होता तोच कागदावर आला. अंमलबजावणीच्या तक्रारी आहेत, त्या वेगळ्या. पण भांडायला उभे राहायचे तर पायाखाली शब्द पक्का हवा, हे वनहक्काच्या दाव्यांच्या फायली घेऊन फिरलेल्या प्रत्येक माणसाला कळते.

चित्रांच्या बाबतीत मात्र अजून आपण सावध नाही. लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, तांदळाच्या पिठाने, गेरूच्या भिंतीवर. त्यात पालघट देवी असते. ती चित्रविद्या कोणा एकाची नाही. १९७० नंतरच्या काळात डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि कापडावर आणून जगापुढे ठेवली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. आज त्रिकोणांची ती माणसे आणि तारप्याभोवतीचा तो फेर कपबशीवर आहे, साडीवर आहे, कचेऱ्यांच्या भिंतींवर आहे. डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाच्या खटपटीने 'वारली चित्रकला' या नावाची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंद झाली आहे. त्यामुळे त्या नावाला संरक्षण मिळाले.

यात तीन थर आहेत, ते शिक्षकांनी मुलांना समजावून सांगावेत. पहिला थर शैलीचा: त्रिकोण, वर्तुळ, पांढरी रेघ. त्यावर कॉपीराइट कोणाचाच नाही. कायदा कल्पनेला आणि पद्धतीला कुंपण घालत नाही. दुसरा थर नावाचा: त्याला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण आहे. तिसरा थर एकेका चित्राचा: तुमच्या विद्यार्थिनीने स्वतः काढलेले चित्र हे तिचे आहे, आणि भारतीय कायद्याप्रमाणे तिच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे ते तिचे आणि तिच्या वारसांचे राहते. नोंदणी केली नसली तरी राहते.

आता समजा, एखादा व्यापारी आला आणि म्हणाला, "बाई, हे चित्र छान आहे, आम्ही छापतो, हे घ्या दोन हजार." इथे आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या काही तरतुदी ठाऊक असाव्यात. अशी परवानगी लेखी असावी लागते. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिले नसेल तर फक्त भारतापुरती धरली जाते. कायद्याने गरीब कलावंताच्या बाजूने ठेवलेली ही कुंपणे आहेत. पण व्यापाऱ्याच्या कागदात 'कायमची, जगभर, मागे न घेता येणारी' असे तीन शब्द बारीक अक्षरांत असले आणि तुम्ही सही केली, तर ही कुंपणे तुम्हीच उघडून दिली असे होते.

म्हणजे पाहा, 'मागे न घेता येणारी' हा शब्द चांगला की वाईट? तो कोणाच्या बाजूने लिहिला आहे, त्यावर ते ठरते. सर्वांसाठी मोकळे केलेल्या वस्तूवर तो असेल तर तो वापरणाऱ्याचे रक्षण करतो. एका कलावंताकडून एका बड्या व्यापाऱ्याने तो लिहून घेतला तर त्या कलावंताचे हात बांधले जातात. अमेरिकेतल्या त्या कागदात एकाच वेळी दोन्ही बाजू दिसल्या, म्हणून मी ती हकिगत एवढी विस्ताराने सांगितली.

शिक्षकांसाठी आणखी थोडे. वर्गात शिकवताना शिक्षकाने एखाद्या उताऱ्याची नक्कल केली तर आपल्या कायद्याने ती मोकळी ठेवली आहे. तिथे कोणाची सवलत नाही, ती कायद्यातलीच तरतूद आहे. 'स्टोरीवीव्हर' या संचावरची मुलांची पुस्तके 'प्रथम बुक्स'ने २०१५ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळी केली आहेत. त्यांत मराठीही आहेत. ती छापून घ्या, त्यांचे वारलीत रूपांतर करा, फक्त मूळ लेखकाचे आणि चित्रकाराचे नाव द्या. पण दुसरीकडे अनेक ॲप आणि संकेतस्थळे 'फुकट' म्हणून शाळांपुढे येतात. फुकट आणि मोकळे एक नव्हे. आज फुकट असलेले उद्या पैसे मागू शकते, आणि तुमची वर्षभराची टिपणे, मुलांची चित्रे त्याच्या आत अडकून राहतात.

म्हणून कोणतीही मोकळीक घेताना चार प्रश्न विचारावेत. ती लेखी आहे का? ती मागे घेता येते का? अटी बदलल्या तर आधी केलेले काम कोणत्या अटींखाली राहील? आणि बदल्यात माझ्याकडून काय लिहून घेतले जात आहे? अमेरिकेतल्या प्रकाशकांनी पहिला प्रश्न विचारला होता. दुसरा आणि तिसरा त्यांना बावीस वर्षांनी सुचला.

मोकळीक देणाऱ्यालाही एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. जे मी मोकळे करतो आहे, ते देण्याचा अधिकार एकट्या माझा आहे का? मी रचलेले बालगीत माझे आहे; ते मी सर्वांना द्यावे, आनंदाने द्यावे. पण धवलेरीच्या तोंडची लग्नातली गाणी, देवीचा चौक, तारप्याचे सूर मी ध्वनिमुद्रित केले म्हणून ते माझे होत नाहीत. ते जगाला द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे पाड्याने बसून ठरवायचे आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सखाली एकदा दिले की परत घेता येत नाही. तेव्हा त्या सहीपूर्वीची बैठक घाईने उरकू नये. मोकळेपणा ही चांगली गोष्ट आहे. पण मालकाला न विचारता केलेला मोकळेपणा म्हणजे दुसऱ्याच्या वाडीतले चिकू वाटण्यासारखे आहे.

शेवटी एवढेच. त्या खेळाच्या बाबतीत लोक जिंकले, याचे एक कारण ते एकत्र आले, आणि दुसरे कारण कंपनीला त्यांची गरज होती. आपल्या चित्रकाराकडे, आपल्या शाळेकडे प्रत्येक वेळी हजारोंचा जमाव नसेल. ज्याच्याकडे जमाव नाही, त्याने कागद आधी वाचावा. गावात वाचणारा, समजावून सांगणारा माणूस बहुधा शिक्षकच असतो. एखादी बाई किंवा तरुण मुलगा करारनामा घेऊन आपल्याकडे आला, तर 'कर सही' किंवा 'नको करू' एवढे सांगून त्याची बोळवण करू नका. त्याच्याशेजारी बसून ओळीवर बोट ठेवून वाचा, आणि त्यात मुदत, प्रदेश, मोबदला, नाव आणि मागे घेण्याची सोय या पाच गोष्टी कुठे आहेत ते दोघांनी मिळून शोधा. सापडल्या नाहीत तर त्या लिहून मागा. मागणे हा उद्धटपणा नाही.